एका आईची दोन मुलं, दोन याद्या: पारधी वस्ती, शाळेचं रजिस्टर आणि पुनर्वसन

माळावरचा मास्तर (८ जून, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. मी नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, कर्जत-जामखेडच्या पट्ट्यात, १९८८ ते २०१९ अशी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली तेरा वर्षं ज्या शाळेत गेली, तिच्या पटावर दरवर्षी पारध्यांची पाच-सात पोरं असायची. त्या वस्तीवरची एक मुलगी चार दिवसांपूर्वी घरी आली. बारावी झालीय, नर्सिंगला जायचंय. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेले कागद तिनं माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "सर, चुलत्याचा दाखला फासेपारधीचा निघाला. माझ्या वडलांच्या शाळेच्या उताऱ्यावर राजपारधी लिहिलंय. सख्खे भाऊ आहेत दोघं. मग हे असं कसं?"

उतारा बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. १९९४ सालची नोंद होती, म्हणजे माझ्याच हातची.

थोरल्याला १९९१ साली त्याच्या आजीनं शाळेत घातलं. मी जात विचारली तेव्हा ती फासेपारधी म्हणाली, मी लिहिलं. धाकट्याला १९९४ साली घेऊन आला तो गावातला बागाईतदार. हे कुटुंब त्याच्या बागेची राखण करायचं. जूनचा पहिला आठवडा, दारात गर्दी. मी त्या बागाईतदारालाच विचारलं. तो म्हणाला, "लिहा की राजपारधी." पोराची आई उंबऱ्याबाहेर उभी होती. तिला मी विचारलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या राज्यात फासेपारधी अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत. राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातींच्या यादीत. म्हणजे त्या एका शब्दानं वसतिगृह बदलतं, घरकुलाची योजना बदलते, पडताळणीची समिती बदलते. एका आईच्या दोन लेकरांना मी दोन याद्यांत टाकून मोकळा झालो, आणि आज त्याची झळ तिसऱ्या पिढीला बसतेय.

त्या वस्तीवर शाळेच्या रजिस्टरखेरीज दुसरा कागदच नव्हता. सातबारा नाही, जन्माची नोंद नाही. रजिस्टरात रकाने असतात: जन्मतारीख, जन्मठिकाण, राहण्याचं ठिकाण. एका बाईला मी पोराचा जन्म कधीचा म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ज्वारी हुरड्यात आली व्हती, आन आमचं पाल वढ्याच्या काठाला व्हतं." म्हणजे जानेवारीच्या आसपास. मी लिहिलं १ जून. सगळ्यांचीच लिहायचो. पत्त्याच्या रकान्यात गावाचं नाव टाकायचो आणि गावातले लोक ते मान्य करायचे नाहीत. ग्रामसेवक म्हणायचा, हे आमचे रहिवासी नव्हेत. तीस वर्षं त्याच माळावर राहूनसुद्धा.

आणखी एक. गावात किंवा शेजारच्या गावात चोरी झाली की दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली मागची ओळ रिकामी असायची. चोरी कुणी केली याच्याशी त्याचा संबंध नसे. पोलीस येणार, बापे धरून नेणार, म्हणून सगळी वस्ती रातोरात पालं उचलून डोंगराच्या अंगाला जायची. महिना-दोन महिन्यांनी पोरं परत येत. तोवर 'सतत गैरहजर' म्हणून नाव कमी झालेलं असे. मग पुन्हा दाखल, पुन्हा नवा नंबर. एकेका पोराचे त्या रजिस्टरात तीन-तीन नंबर आहेत.

पुनर्वसन म्हटलं की शिलाई मशीन, शेळ्या, घरकूल यांवर बोलणं सुरू होतं. मला तरी वाटतं की त्याच्याही आधी माणसाचं नाव आणि राहायची जागा कुठंतरी बरोबर लिहिली गेली पाहिजे. ते नसलं की शेळीसुद्धा मिळत नाही. मिळाली तर चोरीची ठरते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या मुलीसाठी आता काय करता येईल? आणि तुमच्या भागात काय झालंय, काय होतंय, ते लिहा. चांगलं-वाईट दोन्ही.

जुना अव्वल कारकून (८ जून, रात्री १०.२५)

मास्तर, मी महसुलात होतो, तुमच्याच जिल्ह्यात. ज्याच्या हातून हजारो नोंदी गेल्या त्याच्या हातून एक चुकली. ती दुरुस्त कशी करायची ते बघू.

पहिलं म्हणजे उताऱ्यावर विसंबू नका. जनरल रजिस्टरचं मूळ पान बघा, मागची-पुढची पानंही. दुसरं, चुलत्याचा नुसता दाखला आहे की त्याची वैधता झालीय, म्हणजे पडताळणी समितीनं तो खरा ठरवलाय? वैधता प्रमाणपत्र असेल तर निम्मं काम झालं. वडलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता हा सगळ्यांत भक्कम पुरावा. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करा, आजीपासून खाली. तिसरं, शाळा सोडून गेलेल्याची नोंद मुख्याध्यापक आपल्या पातळीवर बदलू शकत नाहीत, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्या नादात वर्ष जाईल. आधी चुलत्याच्या आधारावर अर्ज टाका, दुरुस्तीचं मागाहून.

आता खरी अडचण. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून राज्यात वास्तव्य दाखवावं लागतं, विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. पालात राहणाऱ्या माणसानं १९५० चा कागद आणायचा कुठून? कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, आजोबा-पणजोबांची जन्म-मृत्यूची नोंद सापडते का बघा. आणि लिहिताना वाईट वाटतं, पण पोलीस ठाण्याच्या किंवा कोर्टाच्या जुन्या दप्तरात पणज्याचं नाव असेल तर तिथं बहुतेक जमात लिहिलेली असते. तो कागदही जोडता येतो. एका घराचा दाखला मी स्वतः तसा निघालेला पाहिलाय. पणजाला झालेल्या शिक्षेच्या कागदावर पणतू मास्तर झाला.

पत्त्याचं सांगायचं तर मतदार यादीसाठी बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री त्या जागी जाऊन हा माणूस इथंच झोपतो का ते पाहतो, एकापेक्षा जास्त रात्री. हा आयोगाचाच नियम आहे. वस्तीवरच्या सगळ्यांचे अर्ज एकदम भरून घ्या. एकदा यादीत नाव आलं की ग्रामसेवकाचं "हे आमचे नव्हेत" जरा सैल होतं.

सेटलमेंटची नात (९ जून, सकाळी ७.४०)

सर, तुमचा धागा वाचून रात्री आईला फोन केला. आम्ही सोलापूरचे, कैकाडी. आमच्या घराच्या पत्त्यात आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आहे. नोकरीला लागल्यावर पुण्यात सगळे विचारायचे, काय छान नाव आहे, फ्री कॉलनी म्हणजे काय? मी सांगायची नाही.

इथं लिहिते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेकडे लागू होता, १९११ च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यातही आला. एखाद्या जमातीत जन्माला आलात की गुन्हेगार, एवढा सरळ हिशेब. माणसानं काय केलंय हे बघायचीही गरज नव्हती. सोलापुरात तारेचं कुंपण घालून वसाहत उभी केली. कैकाडी, टकारी, भामटा, पारधी, कंजारभाट, सगळे त्या तारेच्या आत. बाहेरगावी जायचं तर पास. माझे आजोबा गिरणीत होते. गिरणीच्या भोंग्याआधी हजेरी, सुटून आल्यावर हजेरी. ज्यांची वागणूक चांगली ठरे त्यांना तारेबाहेरच्या वस्तीत घर मिळे, ती फ्री कॉलनी. आजी शेवटपर्यंत रात्रीचं दार वाजलं की "हाय, हाय" असं ओरडायची. आम्हांला लहानपणी वाटायचं तिला काही दुखतंय. ती हजेरी द्यायची, "आहे, आहे" म्हणायची.

स्वातंत्र्य १९४७ ला आलं. आमचं आलं ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो कायदा रद्द झाला तेव्हा. आमच्याकडे तो दिवस अजून पाळतात, विमुक्त दिन म्हणून.

पण एक गोष्ट मला बरीच वर्षं छळते, ती आज लिहितेच. आम्ही तारेच्या आत होतो म्हणून आम्हांला शाळा मिळाली, गिरणी मिळाली, आणि सर म्हणतात तो पत्ता मिळाला. माझे वडील शिकले, मी शिकले. जे पारधी तारेच्या बाहेर रानात राहिले त्यांना यातलं काहीच मिळालं नाही, आणि शिक्का तर दोघांवरही सारखाच. त्या कुंपणाचे उपकार मानायला माझी जीभ धजत नाही. तरी आमच्या घरचा हिशेब असाच आहे.

कोरडवाहू (९ जून, दुपारी १.१५)

मी सरळ बोलणारा माणूस आहे, राग मानू नका. आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटर आत. पाच वर्षांत दोनदा चोरी झाली. एकदा विहिरीवरची मोटर आणि केबल गेली, दुसऱ्यांदा घरात शिरले. माझ्या आईच्या डोक्यात दगड घातला. बावीस टाके पडले. आजही अंधार पडला की ती कडी लावून बसते. ज्यांना पकडलं त्यांत दोघं पारधी होते.

तुम्ही लिहिताय ते खोटं आहे असं म्हणत नाही. पण आमच्या भीतीबद्दल कुणी लिहीत नाही. वस्ती आमच्या गायरानावर होणार म्हटल्यावर गावानं विरोध केला तर गाव लगेच जातीयवादी ठरतं. मीही सही केली होती त्या अर्जावर. खोटं कशाला बोलू.

माळावरचा मास्तर (९ जून, रात्री ८.५०)

कोरडवाहू, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही सहीचं इथं लिहिलंत, याचं मला मोल आहे. ज्यांनी दगड घातला त्यांना शिक्षा व्हायलाच हवी, यात दुमत नाही. तुमच्या घरात शिरलेल्यांत दोघं पारधी होते. बाकीचे कुठल्या जातीचे होते? बघा, तुम्हांला ते लिहावंसंही वाटलं नाही. त्यांच्या गावात कुणी त्यांच्या भावकीविरुद्ध अर्ज केला का?

आमच्या भागात तुम्हांलाही दिसत असेल, डाळिंबाच्या, द्राक्षाच्या बागांना राखणदार म्हणून बहुतेक पारधीच असतो. लाख-लाखाचा माल त्याच्या भरवशावर टाकून मालक रात्री घरी झोपतो. हे काही आजचं नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात हजेरी बंद केली, फासेपारध्यांना सोनतळीला जागा दिली आणि राखणीच्या कामावर ठेवलं. शेजारच्या इंग्रजी मुलखात त्याच लोकांना तारेच्या आत कोंडत होते तेव्हाची ही गोष्ट.

माझ्या डोळ्यांसमोर झालेलं सांगतो. त्याच बागाईतदाराच्या घरी एकदा चोरी झाली. पोलिसांनी राखणदाराला, म्हणजे माझ्या त्या दोन विद्यार्थ्यांच्या बापाला, उचललं. बागाईतदार स्वतः ठाण्यात जाऊन सांगत होता की हा रात्रभर बागेत होता, माझ्या पुतण्याबरोबर. तरी चार दिवस ठेवला. परत आला तेव्हा तळपाय सुजून उशीसारखे झाले होते. पुढचा आठवडाभर तो आठ वर्षांचा थोरला पोरगा मधल्या सुट्टीत घरी पळायचा, बापाचे पाय मिठाच्या पाण्यात धरायला. मी त्याला पाढे चुकला म्हणून एकदा छडी मारली होती त्याच आठवड्यात. मला नंतर कळलं.

वऱ्हाडी (१० जून, सकाळी ११.०५)

आमच्या अमरावती जिल्ह्यातलं सांगतो. इकडं वस्तीला बेडा म्हणतात. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले यांनी २०१२ साली शाळा काढली. ते स्वतः फासेपारधी, शिक्षकाची नोकरी सोडून हे काम धरलं. स्टेशनावर, सिग्नलवर भीक मागणारी पोरं गोळा करून आणली. शाळेचं नाव 'प्रश्नचिन्ह'. मी तिथं दोनदा गेलो आहे, एकदा ज्वारीची चार पोती घेऊन. पोरांना निबंध, पाढे यायचेच, पण रानातल्या पाखरांची नावं, त्यांचे आवाज, कुठल्या झाडावर काय येतं, हेही तिथं शिकवण्यातच होतं. पारध्याचं पोरगं त्या विषयात कुणाला हार जात नाही.

मग समृद्धी महामार्ग आला. शाळेच्या काही वर्गखोल्या, ग्रंथालय, पाण्याची सोय रस्त्यात गेली. लोकवर्गणीतून उभी राहिलेली होती ती. रस्ता सगळ्यांच्या कामाचा आहे, कबूल. पण शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरची जमीन जाते तेव्हा चेक निघतो. यांच्या हाती तसा कागद नाही. मास्तर म्हणतात ते हेच.

तुमच्याकडे तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीचा प्रकल्प आहे, गिरीश प्रभुणे यांनी उभा केलेला, तोही वसतिगृहाच्या अंगानं चालतो. विचार वेगळे असतील, मला दोन्हीकडे पोरं पोटभर जेवताना दिसली. पण एक शंका राहते. पोरगं दहा वर्षं वसतिगृहात आणि आई-बाप त्याच पालात. सुट्टीत परत जातं तेव्हा ते कुठलं राहतं?

तित्तिर (१० जून, रात्री ११.३०)

मी फासेपारधी. आरोग्यसेविका आहे, जिल्हा सांगत नाही. इथं पाच वर्षांपासून वाचते, आज पहिल्यांदा लिहिते.

वऱ्हाडी दादा, तुमच्या शंकेचं उत्तर देते. सुट्टीत घरी गेले की पहिले दोन दिवस मला पालात झोप यायची नाही. नंतर वसतिगृहात परत आले की पलंगावर झोप यायची नाही. असं आठवीपर्यंत. त्यानंतर दोन्हीकडे यायला लागली.

माझा आजा फासे लावायचा. घोड्याच्या शेपटीच्या केसाचे. तित्तिर, लावा ही पाखरं धरायचा. तोंडानं असा आवाज काढायचा की पाखरू जवळ यायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. पाखरं वाचायलाच हवीत, मला ते पटतं. पण ज्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं त्याला कुणी विचारलं नाही की उद्यापासून काय खाशील. आज्यानं फासे मोडले नाहीत, घडी करून पेटीत ठेवले. आजही आहेत.

तुम्ही सगळे बाहेरचं लिहिताय. आतलं मी लिहिते. आमच्या जातपंचायतीनं माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न तेराव्या वर्षी लावलं. एकीला शील सिद्ध करायला उकळत्या तेलातून नाणं काढायला लावलं होतं, तिच्या हाताची बोटं मी स्वतः पाहिलीत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आपल्या राज्यात २०१७ पासून लागू झाला, देशात पहिला. पण तक्रार करायला पोलीस ठाण्यात जायचं असतं. आमची बाई त्या दारात पाय ठेवेल का? तिच्या नवऱ्याला तिथंच मारलेलं असतं. बाहेरचा जाच आणि आतला जाच एकमेकांना असे धरून आहेत. पोलिसांच्या भीतीनं माणसं पंचाकडे जातात आणि पंचाचं वजन वाढतं.

कामाचं एक सांगते. मास्तरांनी १ जून लिहिली तशी माझीही आहे. म्हणून माझ्या भागात पालावर बाळ जन्मलं की मी २१ दिवसांच्या आत नोंद करवूनच घेते. बायका म्हणतात, अजून नाव ठेवलं नाही. नाव नसलं तरी जन्म नोंदवता येतो, नाव मागून घालता येतं. हे किती ग्रामसेवकांनाही माहीत नसतं. एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि मग कुणी जात नाही. गेल्या चार वर्षांत माझ्या हातून सदतीस बाळं नोंदली गेली. त्यांच्या मास्तरांना हुरड्याचा हिशेब करावा लागणार नाही.

कोरडवाहू दादा, तुमच्या आईला नमस्कार सांगा. बावीस टाके म्हणजे मोठी जखम. थंडीत ओढ लागत असेल, खोबरेल कोमट करून हलक्या हातानं चोळा.

खटला वकील (११ जून, सकाळी ९.२०)

कायद्याच्या अंगानं दोन-तीन मुद्दे, घाईत.

१९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा गेला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. आपल्याकडे १९५९ चा. कागदावर तो व्यक्तीवर आहे. अंमलात त्याच जुन्या वस्त्यांवर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं २००७ साली भारताला असे कायदे रद्द करा म्हणून सांगितलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमपुस्तिकांमधली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातीचा आहे म्हणून कैद्याला सराईत धरण्याची कलमं रद्द केली. १५३ वर्षं लागली, आणि तीही तुरुंगाच्या आतल्यापुरती.

मुलीच्या दाखल्यासाठी महत्त्वाचं. समिती घरी येऊन चालीरीती, देव, बोली विचारते, ती आप्तभाव चाचणी. वसतिगृहात वाढलेली पोरं तिथं अडखळतात. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये म्हटलंय की ही चाचणी म्हणजे शेवटचा निकष नव्हे. कागद भक्कम असेल तर चाचणीवरून दावा उडवू देऊ नका. गरज पडली तर मला निरोप पाठवा, फी नको.

भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या आयोगांचं म्हणाल तर बाळकृष्ण रेणके यांचा अहवाल २००८ चा, भिकू इदाते यांचा त्यानंतर दशकभरानं. केंद्रानं २०२२ साली एक योजना आणली, पाच वर्षांसाठी २०० कोटी, सगळ्या देशातल्या भटक्या-विमुक्तांसाठी मिळून. राज्याराज्यांत वाटून बघा म्हणजे एका वस्तीच्या वाट्याला काय येतं ते समजेल. आणि तेवढंही घ्यायचं तर आधी दाखला हवा.

जुना अव्वल कारकून (११ जून, दुपारी ४.००)

वकीलसाहेबांच्या यादीत जमिनीचं राहिलं. विमुक्त-भटक्यांसाठी राज्याची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर. योजना चांगली, मी फाईल हाताळलीय. अडतं कुठं? जागा गायरानाचीच असते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाचा गायरानाबाबत निकाल आला आणि राज्यानं त्याच वर्षी गायरान देणं जवळजवळ थांबवलं. २०२२ ला तर अतिक्रमण काढण्याच्या नोटिसा निघाल्या. पवनचक्कीला, रस्त्याला माळ मिळतो, पालाला मिळत नाही. मग ग्रामसभेचा ठराव लागतो आणि तो होत नाही. कोरडवाहूंनी सही केली तसला अर्ज माझ्या टेबलावर मी किती वेळा नस्तीला जोडलाय. माझंही त्यात काही गेलं नाही, म्हणून मीही काही बोललो नाही तेव्हा.

सातासमुद्रापार (१२ जून, पहाटे ३.५५)

न्यू जर्सीहून. मूळ गाव मंगळवेढ्याजवळ. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं, ते नाथपंथी डवरी गोसावी होते, त्यातले बहुतेक आमच्याच तालुक्याचे. आमच्या लहानपणी असेच लोक दारात येऊन गाणी म्हणायचे, आई सूपभर जोंधळे द्यायची. त्या बातमीनंतर किती दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

पैसे पाठवायची तयारी आहे. पण कुठं उपयोग होईल? त्या मुलीच्या फीला मी उभा आहे.

तित्तिर (१२ जून, सकाळी ८.१०)

दादा, फी एकदाच लागेल. तिला तालुक्याला आठ-दहा चकरा माराव्या लागतील, बापाबरोबर. बाप रोजंदारीवर. एक चकर म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि दोघांचं एसटीचं भाडं. तिसऱ्या चकरेला माणसं कंटाळून सोडून देतात. तेवढा खर्च उचला. वेगळं म्हणजे झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र.

मास्तर, ते रजिस्टर शाळेत आहे ना अजून? वाळवी लागायच्या आत पानांचे फोटो काढून ठेवा. सगळ्या पोरांचे, एकाचेच नको.

कोरडवाहू (१२ जून, रात्री ९.३०)

ताई, खोबरेलाचं आईला सांगितलं. कोण म्हणालं म्हणून विचारत होती. मी सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, नर्स आहे व्हय, मग बरोबर सांगत असंल.

आमच्या ग्रामसभेत तो विषय पुन्हा येणार आहे १५ ऑगस्टला. सही मागं घेता येते का, अव्वल कारकून? नसेल तर उभं राहून बोलता तरी येतं.

माळावरचा मास्तर (१६ जून, रात्री ८.१५)

आज शाळा उघडली. नव्या मुख्याध्यापिका बाईंची रीतसर परवानगी घेऊन कपाट उघडलं. रजिस्टर आहे. पुठ्ठा सुटलाय, कडा कुरतडल्यात, शाई टिकून आहे. दोन तास जमिनीवर बसून १९८८ ते २००१ पर्यंतची पानं चाळली आणि मोबाईलवर फोटो काढले. वस्तीवरच्या ४३ नोंदी सापडल्या. त्यातली मुलं मोजली तर २६ भरली.

अव्वल कारकून म्हणाले होते मागची पानं बघा. १९९३ च्या जूनमध्ये त्या धाकट्याचीच नोंद आहे. म्हणजे मुलीच्या बापाची, १९९४ च्याही आधीची. आजीनंच आणलेला. जातीच्या रकान्यात स्पष्ट 'हिंदू फासेपारधी'. मी विसरूनच गेलो होतो. त्या ओळीवर तांबड्या शाईनं आडवी रेघ आहे आणि शेऱ्यात लिहिलंय: 'सतत गैरहजर, नाव कमी, सप्टेंबर १९९३'. अक्षर माझंच.

बागाईतदाराच्या घरची चोरी त्याच महिन्यातली.

वकीलसाहेब, फोटो तुम्हांला पाठवतोय. त्या पानाचा प्रमाणित उतारा बाई उद्या देणार आहेत. सोमवारी मुलगी आणि तिचा बाप तहसीलला येतील. अव्वल कारकून, तुम्ही साडेदहाला येतो म्हणालात, मी गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी थांबतो.